सातवी सीट

व्हॅन सात जणांची. सहा हॉटेलांतून उचलले,
सातवी मी, रुवीच्या पुलाखाली,
बंद औषधाच्या दुकानासमोर, पावणेसातला,
पर्समध्ये सवयीने बांधून घेतलेली पोळीभाजी.

ओळख करून द्यायची असते म्हणे.
लियॉन. स्टुटगार्ट. स्टुटगार्ट. केप टाउन.
एक नवरा-बायको दोघं मिळून म्हणाले, निवृत्त.
मी म्हणाले, नाशिक.
"अरे, वाइन!" लियॉनचे गृहस्थ मागे वळून खूश.
मी मान हलवली.
मी निघाले तेव्हा आमच्याकडे द्राक्षं म्हणजे द्राक्षं होती,
कागदाच्या कातरणात निजलेली,
मण्यांना बोट लावलं की काका ओरडायचे, लव पुसते.
वाइन आली ती नंतर.
आपण हात धुऊन उठावं
आणि मागे पंगतीत जिलबी यावी, तशी.

एकोणीस वर्षं मी या देशात फरशांचे हिशेब लिहिते.
चौरस मीटर, तूटफूट, परत आलेला माल.
निझवा म्हणजे माझ्यासाठी एक पत्ता:
किल्ल्यामागे, दोन ट्रक, उधारी साठ दिवस.
किल्ला आहे हे पत्त्यातच लिहिलेलं होतं.

हुमैद आम्हाला खजुराच्या कोठीत नेतो.
जमिनीला नाल्याच नाल्या, उलट्या कौलांसारख्या.
गोण्या छतापर्यंत रचायच्या, तो सांगतो,
खालच्या गोण्या वरच्यांच्या वजनानं पाझरतात.
कुणी पिळायचं नाही. थांबायचं.
कोपऱ्यात मडकं.
केप टाउनची बाई फोटो काढते.
मी खाली वाकून नालीवर बोट फिरवते,
चिकट लागल्यासारखं वाटतं. लागत नसणार,
किती वर्षं झाली.

मग डोंगर, मग मिसफाच्या पायऱ्या,
पायऱ्यांशेजारून धावणारं हातभर रुंद पाणी.
"इथे वाइन?" कुणीतरी विचारतंच.
हुमैद मांडवावरचा वेल दाखवतो.
"द्राक्षं आहेत. पुढचं आम्ही करत नाही."
आणि चटईवर चार वाट्या मांडतो
इतक्या गंभीरपणे, की लियॉनही गॉगल काढतात.

नघाल. फर्ध. खुनेझी. खलास शेवटी.
लगेच चावायचं नाही. टाळूला धरायचं.
मध्ये पाण्याचा एक घोट, मग वेलची घातलेला कहवा.
लियॉन म्हणतात, धूर, चामडं, जुनं लाकूड.
स्टुटगार्ट म्हणते, कॅरामल. दुसरी म्हणते, तेच.
माझी पाळी.
मला चवीला नावं ठेवायची तेवढी ठाऊक,
नावं द्यायची नाहीत.
मी म्हणते, गरम दुधात गूळ टाकलाय
आणि दूध अजून फाटलेलं नाही, तसं.
हुमैद पुन्हा म्हणायला लावतो.
"गूळ," तो म्हणतो. "गूळ." तोंडात धरून ठेवतो.

पाण्याजवळ एक काठी रोवलेली.
तिची सावली या दगडावर आली की पाणी या घराचं,
त्या दगडावर गेली की त्या.
अर्ध्या तासाला इथे नाव आहे, अथर.
तो विकता येतो, गहाण पडतो, लेकीला देता येतो.
अर्धा तास कुणाच्या मालकीचा असू शकतो
हे ऐकून मी सवयीने गुणाकार करू लागते:
एकोणीस वर्षं, शुक्रवार वजा, दोन रजा वजा,
आणि मध्येच सोडून देते.
हातचा कुठे धरला ते विसरले.

परतीला सगळे झोपलेले.
एकेक हॉटेल येतं, दिव्यांत उतरतं.
शेवटी मी आणि ड्रायव्हर, कामावर नवा.
"मॅडम, तुमचं हॉटेल?"
"पुलाखाली."
"तिथे हॉटेल नाही."
"घर आहे," मी म्हणते.
अजून अकरा दिवस, हे त्याला कशाला.

जिन्यात दिवा गेलेला.
फरशा आमच्याच कंपनीच्या, परत आलेल्या मालातल्या,
तिसऱ्या पायरीची कड फुटकी.
अंधारात पाय आपोआप ती चुकवतो.